मोकळ्या हातांचा माल

चाटीला आंघोळ घालणं हे भामाबाई ढावरे यांचं सकाळचं पहिलं काम. कोमट पाणी, सुती फडकं, आणि साबण अजिबात नाही. साबणाचा अंश राहिला तर यंत्र दिवसभर चुकतं, असं तेजश्रीनं बजावून ठेवलं होतं.

यंत्राचं कागदावरचं नाव 'श्रमपारख'. पण सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या 'पुनर्घट' कंपनीच्या गेटवर ते नाव कुणी घेत नसे. ट्रकमधून उतरलेल्या प्लास्टिकच्या गठ्ठ्यांच्या फटींत ते आपला हातभर लांब, ओलसर पट्टा घालायचं आणि हळूच बाहेर काढायचं. म्हणून गेटवरच्या बाया त्याला चाटी म्हणू लागल्या. शेवटी ते बनवणारी रसायनतज्ज्ञ तेजश्री बिराजदारही चाटीच म्हणू लागली.

चाटी शोधायची तो हाताचा घाम. कचऱ्यातली प्रत्येक पिशवी कुणीतरी हातानं निवडलेली असते आणि निवडणाऱ्याचा घाम तिच्यावर राहतो. माणूस महिनोन्‌महिने भीतीखाली राबला की त्याच्या घामात एक द्रव्य साचत जातं, हंड्याच्या बुडाला क्षार साचतो तसं. तेजश्रीनं त्याला नाव दिलं होतं धास्तद्रव्य. ते जास्त दिसलं की लाल दिवा, नाही दिसलं की हिरवा. हिरव्या मालावर शिक्का बसायचा, 'मोकळ्या हातांचा माल'. नव्या कायद्यानं कचरा विकत घेणाऱ्या कंपनीला कचरा निवडायच्या शेवटच्या शेडपर्यंतच्या मजुरांची जबाबदारी दिली होती आणि परदेशातली गिऱ्हाइकं या शिक्क्याशिवाय मालाला हात लावत नव्हती.

पूर्वी तपासनीस जायचे. ते निघायच्या आधीच शेडला फोन जायचा. कुलपं निघायची, मजुरांना हसायला शिकवलं जायचं. "माणसाला खोटं बोलायला लावता येतं मावशी, घामाला नाही," तेजश्री म्हणायची. दोन वर्षांत चाटीनं तीन शेडा पकडल्या होत्या.

कायद्यात आणखी एक अट होती. यंत्राच्या शेजारी साक्षीदार हवा, आणि त्यानं निदान दहा वर्षं स्वतः कचरा निवडलेला हवा. भामाबाईंची तीस वर्षं भरली होती. साक्ष यंत्रावरच्या हिरव्या किंवा लाल खुणेवर अंगठा दाबून द्यायची होती, तेवढी एक गोष्ट त्यांना खुपली होती. बावन्नाव्या वर्षी त्या लिहायला, सही करायला शिकल्या होत्या आणि पुन्हा अंगठा टेकवणार नाही असं त्यांनी ठरवलं होतं. यंत्राला सही वाचता येत नाही हे कळल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "म्हणजे अडाणी हे हाय. मी न्हाई." तरीही शेजारच्या वहीत त्या रोज सही करायच्या, कुणी मागितली नसताना.

त्या दिवशी बोरफाट्याच्या शेडचा तिसरा ट्रक आला. तीन ट्रक हिरवे निघाले की त्या शेडला वर्षभर तपासणी माफ होती. खरेदीप्रमुख उमेश हत्तुरे सकाळपासून गेटवरच होते. त्यांचा कंटेनर संध्याकाळी निघायचा होता.

चाटीनं पहिल्या गठ्ठ्याला जीभ लावली. हिरवा. दुसरा हिरवा. तिसरा उतरवताना गठ्ठ्याची तार तुटली आणि पिशव्यांचा ढीग भामाबाईंच्या पायावर सांडला.

"राहू द्या ओ, पोरं भरतील," हत्तुरे म्हणाले. "तुम्ही अंगठा टेकवा."

पण निवडणाऱ्या बाईला सांडलेलं बघवत नाही. भामाबाई वाकल्या, मूठभर पिशव्या उचलल्या आणि तशाच थांबल्या. पिशव्या कोरड्या होत्या. हाताळलेल्या पिशवीला एक चिकटपणा असतो. तो या पिशव्यांना नव्हता.

"तेजू, ह्या मालाला हातच लागलेला न्हाई."

"हात न लागता निवडला कसा?" हत्तुरे हसले. "बघा की, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, वेफर्सच्या वेगळ्या, तेलाच्या वेगळ्या. एक नंबर माल आहे. आणि हातमोजे देतात ते लोक. आपलाच नियम आहे, भिंतीवर लावलाय."

"मोजे मी मागितलेत सायेब, पंचवीस वर्षं भांडून. मोजे घालतो आम्ही. पण उजवा काढून ठेवतो." भामाबाईंनी एक पिशवी बोटांत चुरली. "कडक कुठली, मऊ कुठली, हे बोटच सांगतं. मोजा घालून डाळीतला खडा लागतो का तुमच्या घरात? रागावता तुम्ही, तरी काढतोच. समद्या शेडांत काढतात. हितं एकानंबी काढला न्हाई?"

तेजश्रीनं पडदा स्वतःकडे वळवला. गिऱ्हाइकांना फक्त रंग हवा होता, म्हणून आतले आकडे तिनं झाकून ठेवले होते. ते तिनं उघडले. प्रत्येकाचा घाम वेगळा असतो. त्यावरून चाटी किती जणांचे हात लागले ते मोजायची. इतर शेडांच्या गठ्ठ्यांत दहा-बारा हात निघत. या गठ्ठ्यात होते शून्य.

तिचा चेहरा उतरला. "भीती सापडली नाही म्हणून हिरवा लागला," ती हळू म्हणाली. "पण माणूसच सापडला नाही. मी यंत्राला तो फरक शिकवलाच नाही."

भामाबाईंचं लक्ष पिशवीवर होतं. त्यांनी ती उजेडात धरली. कोपऱ्यावर बारीक, वाकडे, पांढुरके वण होते. दुसरी पिशवी उचलली. तिच्यावरही. काही कोपऱ्यांवर एकच वण, काहींवर शेजारी शेजारी तीन.

"उंदीर असतील," हत्तुरे म्हणाले.

"उंदीर कुरतडतो. हे चावलंय." भामाबाईंनी स्वतःचा अंगठा दातांत धरून दाखवला आणि बाहेर काढला. त्याच्यावर तसाच वण उठला होता. "दातानं निवडलाय माल. कडक पिशवी दाताखाली कुरकुरती, मऊ ताणती. आता सांगा सायेब, हात मोकळा असताना गटारातली पिशवी तोंडात कोण घालंल?"

तेजश्रीनं चाटीला घामाऐवजी लाळ शोधायला लावलं. धास्तद्रव्य लाळेतही उतरतं. पाच मिनिटं गेली. सतरा माणसं, पडद्यावर आलं. प्रत्येकापुढे धास्तद्रव्याची रेघ पट्टीच्या शेवटाला टेकलेली.

हत्तुऱ्यांनी रुमालानं मान पुसली. "ठीक आहे. लाल दाबा. गाडी परत पाठवू, शेडचं नाव यादीतून काढू. विषय संपला."

"कुणाचा संपला?"

"म्हणजे?"

"लाल दाबलं की तासाभरात गाडी माघारी जाती. मालकाला कळतं. रातीत ती सतरा माणसं दुसऱ्या शेडात, दुसऱ्या कंपनीच्या. मागच्या तीन शेडांत काय झालं? कुलूप मोडायला गेलो तर आत झाडू मारलेला. आपले हात धुतले, त्यांचे तसेच ऱ्हायले." भामाबाई फुटक्या गठ्ठ्यावर बसल्या आणि अंगठा मुठीत मिटला. "मी हिरवंबी दाबत न्हाई, लालबी न्हाई. माझ्या अंगठ्याबिगर गेट उघडत न्हाई. जा, तुम्ही ढकला."

"भामाबाई, यानं नोकरी जाईल तुमची."

"जाऊ द्या. कचऱ्यातनं आले, कचऱ्यात जाईन. कचरा काय संपलाय व्हय?"

मग त्यांनी वही ओढली. रंगाच्या रकान्यात सावकाश, प्रत्येक काना नीट देत लिहिलं, 'आत माणसं आहेत.' खाली सही केली.

तेजश्रीनं जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातल्या अधिकारीबाईंना फोन लावला. गेटवरच्या बायांनी ट्रकच्या ड्रायव्हरला चहाला बसवलं. एक चहा झाला की दुसरा, दुसऱ्याबरोबर शेंगाचटणी-भाकरी. "जावईबापू, उपाशी जाताव का?" म्हणत चौघी त्याला सोडेनात.

तेवढ्यात हत्तुऱ्यांचा फोन वाजला. पडद्यावर बोरफाट्याच्या मालकाचं नाव होतं. त्यांनी भामाबाईंकडे पाहिलं, मग पायाजवळ पडलेल्या एका पिशवीकडे, तिच्यावरच्या तीन वणांकडे. फोन कानाला लावला.

"गाडी? हां, थांबलीय. वजनकाटा बिघडलाय ओ. दुपार होईल."

भामाबाई पहिल्यांदाच त्यांच्याशी हसल्या. "शिकाल हळूहळू."

दुपारी दोनला अधिकारीबाई पोलिसांना घेऊन बोरफाट्याला पोचल्या. भामाबाई आणि तेजश्री त्यांच्याच गाडीत होत्या. वाटेत तेजश्री मांडीवरच्या डिजिटल पाटीवर जुन्या नोंदी चाळून शून्य हातांच्या शेडा शोधत होती. मध्येच तिनं पाटी पालथी घातली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

"किती?" भामाबाईंनी विचारलं. तेजश्रीनं बोटं दाखवली. भामाबाईंनी ती मोजली.

पत्र्याच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. ते तोडल्यावर आधी वास आला, मग माणसं दिसली. सतरा. कुणाकडेही फोन नव्हता, ओळखीचा कागद नव्हता. भिंतीवर 'पुनर्घट'चाच फलक होता, 'हातमोजे वापरा, सुरक्षित राहा.' प्रत्येकाच्या दोन्ही हातांत जाड रबरी मोजे होते आणि मनगटाभोवती गच्च चिकटपट्टी.

भामाबाई पहिल्या दिसलेल्या बाईसमोर बसल्या. देगलूरकडची, चाळिशीची, नाव गंगामणी. "बांधकामावर नेतो म्हणले," ती सांगत होती, "आठ महिने झाले. हे मोजे पैले नव्हते. सोलापुरात कायतरी मशीन आलंय, वास घेतंय म्हणले, तवापासून पट्टी. जेवताना एक हात सोडतेत, धुऊन परत बांधतेत."

मागे उभ्या तेजश्रीनं ते शब्द तसेच पाटीवर उतरवून घेतले.

भामाबाईंनी कमरेची कात्री काढली आणि पट्टी कापली. मोजा उलटा होऊन निघाला. आतला हात पांढरा, सुरकुतलेला होता, रात्रभर भिजत घातलेल्या शेंगदाण्यासारखा. गंगामणीनं बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"कळलं कसं तुमाला?"

"तुमचे दात दिसले."

गंगामणीच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "एकदा चावायचं माल वळखायला. तीनदा चावायचं ते मुद्दाम. मीच सांगितलं समद्यास्नी. दिसंल कुणालातरी, विचारंल कुणीतरी. पैल्या गाडीतबी केलतं. दुसऱ्या गाडीतबी. त्या गाड्या कुणी बघितल्या?"

अधिकारीबाई लिहायच्या थांबल्या. तेजश्री पुढे झाली, पण भामाबाईंनी हातानं तिला थांबवलं.

"मी," त्या म्हणाल्या. "आधी आत हात घालून बघत होते. मग यंत्र बरोबर सांगतंय म्हणून सोडलं. हिरवं दिसलं, अंगठा टेकवला."

गंगामणीनं त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग दुसरा हात पुढे केला. भामाबाईंनी त्याही हाताची पट्टी कापली.

"अशा, हात न लागलेल्या, आणि किती शेडांच्या गाड्या येतेत तुमच्याकडं?"

"नऊ."

गंगामणीनं दोन्ही तळवे लुगड्याला पुसले. भामाबाईंच्या हातातून कात्री घेतली, बोटांत नीट बसते का ते पाहिलं आणि शेजारच्या माणसाचं मनगट स्वतःकडे ओढलं. पट्टीच्या कडेखाली पातं घालताना ती मान वर न करता म्हणाली,

"हितलं मी कापते. तुमी अजून का थांबलाव?"