बर्फावर पट्टा लावायचा नसतो

हाप्सालूच्या दुकानात माझा चष्मा तयार होऊन पडला होता, एवढंच निमित्त. समुद्र गोठला होता आणि आमच्या बेटापासून पलीकडे हाप्सालूच्या किनाऱ्यापर्यंत बर्फावरचा रस्ता सुरू झाला होता. माझी भाची केर्तू राजधानीहून, तालिनहून आलेली, परवाना नवाकोरा.

"आत्या, गाडी मीच चालवणार."

"चालव बाई. मला तर या डोळ्यांनी बोनेटही दिसत नाही."

बर्फाचा रस्ता सुरू होतो त्या फाटकावर रखवालदार ऊर्मासने नेहमीचं ऐकवलं. "पट्टे काढा. दारं लॉक करू नका, बर्फ फुटला तर उडी मारता आली पाहिजे. आणि काहीही झालं तरी थांबायचं नाही."

केर्तूने पट्टा काढताच गाडी टिंग टिंग करू लागली. चालकाचा पट्टा सुटला की ओरडायची खोड तिला. "ओरडू दे," ऊर्मास म्हणाला आणि माझ्याकडे बघत त्याने फाटक उघडलं.

बारा वर्षांपूर्वी केर्तूचे वडील, माझा हेल्दुरदादा, याच रस्त्यावर पाण्यात गेला. ताडमाड माणूस, कुठल्याही गाडीत बसला की आधी सीट पार मागे ढकलायचा. गाडी वर काढली तेव्हा त्याचा पट्टा लावलेलाच होता. शहरातली सवय, दुसरं काय! तेव्हापासून मला त्या पट्ट्यांचा राग आहे.

दोन्ही बाजूंना खुणेला रोवलेल्या जुनिपरच्या झुडपांच्या फांद्या मागे पडत होत्या. चाकांखाली बर्फ गुणगुणत होता. आयुष्य या समुद्राकाठी गेलं, तरी तो आवाज ऐकला की मी आपोआप हळू बोलते. गाडीचं ओरडणं कधी थांबलं, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

अर्ध्या वाटेवर धुकं उतरलं. फांद्या दिसेनाशा झाल्या, समोरचं सगळं पांढरं झालं, आणि केर्तूने घाबरून ब्रेक दाबला.

"थांबू नकोस गं!"

"आत्या, रस्ताच दिसत नाहीये..."

गुणगुण बंद पडली. हीटर चालू असूनही गाडीत गारठा भरला. ओल्या लोकरीचा, समुद्राच्या पाण्याचा वास आला. आणि त्या शांततेत... टिंग... टिंग...

"आता का ओरडतेय ही?"

केर्तूने खाली पाहिलं. "मी... मी पट्टा परत लावला होता. भीती वाटली म्हणून... पण आत्या, मी तो काढलेला नाही..."

तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. पट्टा सुटून बाजूला लोंबत होता. तेवढ्यात मागच्या चाकांखाली कडकन आवाज झाला.

"उतर! उडी मार!"

पोटावर सरपटत आम्ही लांब गेलो आणि मग मागे वळून पाहिलं. गाडी दिवे लावून, अगदी सावकाश, खाली चालली होती. हिरवट उजेड बर्फाच्या पोटात पसरला. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं, भीती वाटायचीही राहून गेली. पाण्याखालूनही ते टिंग टिंग ऐकू येत होतं. मग एकदम थांबलं. केर्तू माझा हात धरून रडत होती, जिवंत होती.

आठवड्याने गाडी वर काढली. ऊर्मास घरी सांगायला आला, पण टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

"केर्तू बाहेर पडली तेव्हा पट्टा सुटलेला होता ना, नक्की?"

"म्हणून तर वाचली. का रे?"

"तिच्या जागेचा पट्टा लावलेला होता..." तो घुटमळला. "आणि सीट पार मागे ढकललेली."