चित्रातले स्टूल

त्याच्या कार्डावर ‘सल्लागार’ असे छापलेले होते. काम मात्र विक्रेत्याचे. लोकांची जुनी न्हाणीघरे मोडायची आणि नवी त्यांच्या गळ्यात मारायची. न्हाणीघर कुणी विकत घेत नाही, लोक चित्र विकत घेतात, हे त्याला या धंद्यात फार लवकर उमगले होते. म्हणून त्याची एक रीत होती. मापे घेऊन तो आधी टॅबवरच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे ती खोली जशीच्या तशी उभी करी: डागाळलेल्या फरश्या, गंजलेला नळ, कानतुटकी बादली, सगळे. मग गिऱ्हाइकासमोर एकेक वस्तू पुसत जाई. नवे दाखवण्याआधी जुने नाहीसे करून दाखवावे. माणसाचा जीव हलका होतो. शेवटची वस्तू तो गिऱ्हाइकालाच पुसायला लावी. ज्याने स्वतःच्या बोटाने पुसले, तो सहसा मागे फिरत नाही.

त्या दिवशी साहेबांनी सकाळीच बजावले होते की महिनाभरात एकही काम आणलेले नाहीस. आज रिकाम्या हाताने आलास तर टॅब जमा करून घरी जा. त्यामुळे भर दुपारी तो त्या दारात उभा राहिला, तो चेहऱ्यावर हसू नीट बसवूनच.

दार घरच्या सुनेने उघडले. घरात मलमाचा आणि न वाळलेल्या कपड्यांचा वास कोंडला होता. आतून खोकला ऐकू आला. सुका, सावकाश, लाकडी जिन्यावरून कुणी पाय ओढत चढावे तसा. पाठोपाठ आवाज आला, “कोण आलंय गं?”

“बाथरूमचं माप घ्यायला आलेत, आई.”

“घ्या म्हणावं. मला तेवढं मापू नका, मी रोज कमी होतेय.”

सून हसली. तिच्यामागे उभा असलेला तिचा नवरा, म्हातारीचा मुलगा, हसला नाही.

न्हाणीघर म्हातारीच्या खोलीला लागूनच होते. मधली भिंत पातळ. कोपऱ्यात चार पायांचे पांढरे स्टूल होते. सुनेने सांगितले, आईंना मी त्याच्यावर बसवूनच आंघोळ घालते, तेव्हा बाकी काहीही बदला, बसायची सोय तेवढी ठेवा. मुलाला काचेचा आडोसा हवा होता, छतातून पडणारे पाणी हवे होते, आणि मोकळी, अगदी मोकळी जमीन.

“स्टूल आलं की दवाखाना वाटतो,” तो म्हणाला. “आणि असं किती दिवस लागणार आहे ते?”

ती औषधाबरोबर द्यायचे पाणी गरम करायला निघून गेली.

दोघे पुरुष न्हाणीघराच्या उंबऱ्याशी टॅबवर वाकले. सल्लागार पुसू लागला. बादली गेली, नळ गेला, फरश्यांवरचे डाग गेले. त्याने स्टूल पुसले, आणि भिंतीपलीकडचा खोकला तुटला.

थांबला नव्हे, तुटला. थांबणाऱ्या खोकल्याला शेपूट असते, मागे दम खाल्ल्याचा आवाज असतो. हा मधोमध कापला गेला होता... आणि त्यामागे श्वाससुद्धा नव्हता. खऱ्या नळाची ठिबक तेवढी उरली.

त्याने स्टूल परत आणले. हेतू काही नव्हता, बोटांची सवय. पलीकडे खोकला जिथे तुटला होता, नेमका तिथूनच पुढे सुरू झाला.

योगायोगाची खात्री करून घ्यावी म्हणून त्याने पुन्हा पुसले. शांतता. पुन्हा आणले.

“बाई गं,” म्हातारी पलीकडे स्वतःशीच पुटपुटली, “डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं...”

सल्लागाराने मान वर केली. मुलगा चित्राकडे पाहत नव्हता. भिंतीकडे पाहत होता. त्याने अगदी हळू विचारले, “हे पुसलेलं... परत आणता येतं?”

“काम पक्कं करेपर्यंत येतं.” वाक्य नेहमीचेच होते. “पक्कं केलं की चित्र कारखान्यात जातं. मग नाही.”

इथे सल्लागाराला टॅब बंद करता आला असता. बॅटरी संपली म्हणता आले असते. शब्द जिभेवर आलेही होते. पण मग संध्याकाळ दिसली, साहेबांचे टेबल दिसले, त्यावर आपल्या हाताने ठेवलेला टॅब दिसला. आणि रोजच्याच आर्जवाने तो म्हणाला,

“शेवटची वस्तू तुम्हीच पुसा. आमची रीत आहे तशी.”

मुलाने बोट पुढे केले. ते बोट जराही थरथरले नाही. स्टूल गेले. त्याच बोटाने त्याने काम पक्के केले.

सून गरम पाण्याचा पेला घेऊन सासूच्या खोलीत शिरली.

“आई?” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “आई...”

साहेबांनी सल्लागाराची पाठ थोपटली. काम जरासे लांबले, रद्द झाले नाही. न्हाणीघर चित्रात होते तसेच हुबेहूब उतरले, आणि शेवटच्या पाहणीला तोच गेला. सून आता त्या घरात राहत नव्हती. दार मुलाने उघडले. त्याच्या अंगाला बऱ्याच दिवसांच्या पारोसेपणाचा वास येत होता.

“तुम्हीच सोडा पाणी,” तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला.

छतातून पाणी कोसळले. भिंती भिजल्या, काच भिजली, सगळी जमीन चकाकू लागली. फक्त बाटलीच्या झाकणाएवढे चार गोल कोरडे राहिले. पाणी त्यांच्या कडेशी येई आणि वळसा घालून निघून जाई.

“उतार चुकला असेल,” सल्लागार म्हणाला.

“असेल,” मुलगा म्हणाला. “पण आधी ते कोपऱ्यात होते...”

आता ते उंबऱ्यापासून वीतभर अंतरावर होते.

सल्लागाराने पाणी बंद केले. मग त्याने टॅब पुढे केला आणि काम पसंत असल्याची खूण करायला सांगितले. मुलाचे बोट या खेपेस इतके थरथरत होते की खूण उमटेना.

आणि पातळ भिंतीपलीकडच्या रिकाम्या खोलीत खोकला, जिथे तुटला होता, नेमका तिथूनच पुढे सुरू झाला.