शहाऐंशीचा थर

पोवळं समुद्रात दरवर्षी एक थर वाढतं. ज्या वर्षी नदीचं गोडं पाणी समुद्रात फार शिरतं, त्या वर्षीचा थर अतिनील दिव्याखाली उजळतो. धुळ्याच्या कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवायची. ब्याण्णव साली तापीच्या मुखापुढच्या पोवळ्याची एक चकती माझ्याकडे तपासायला आली.

मला एकच वर्ष बघायचं होतं. शहाऐंशीच्या श्रावणात आमचे हे तापी ओलांडायला गेले आणि काठावर नुसती सायकल सापडली. पाटबंधाऱ्याची कचेरी म्हणाली, धरणातून पाणी सोडलंच नाही. सासूबाई म्हणत, "तुन्या उपासतापासले कटाळीसन पळी गया धनसिंग." मी रोज यांच्या नावाने वात लावत होते. कपाळावरचं कुंकू खरं की खोटं, ते माहीत नव्हतं.

दिवा भौतिकशास्त्राच्या नासीरसरांचा. शहाऐंशीचा थर निळा पेटला.

"पूर होता, मॅडम," ते हळूच म्हणाले.

घरी येऊन मी चकती सासूबाईंपुढे ठेवली आणि कुंकू पुसलं. सकाळी पाहते तर चकती देव्हाऱ्यात, आणि प्रकाशा तीर्थाहून आणलेल्या तापीच्या पाण्याने त्या तिला न्हाऊ घालताहेत.

"माय, तो दगड आहे."

"तुना बठ्ठा देव दगडनाच शेतस."

एकदा न्हाऊ घातलेला देव पारोसा ठेवत नाहीत. मी अडवलं नाही. उलट रोज मीच पाणी घालू लागले, मग चकती कॉलेजात न्यायची.

पहिल्या न्हाण्यानंतर दिव्याखाली शहाऐंशी काळं होतं. सत्त्याऐंशी उजळलं होतं. पुढच्या दिवशी अठ्ठ्याऐंशी.

नासीरसरांनी पुन्हा पुन्हा थर मोजले. शेवटी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली.

"तुम्हीच बघा. ते पाणी इकडे येतंय."

उजेड कडेच्या, ब्याण्णवच्या थराला पोचला. त्यानंतर सगळी चकती काळी.

त्या दुपारी घरी आले. गल्लीत आठवडाभर नळाला पाणी नव्हतं. सासूबाई पाट मांडत होत्या.

"धनसिंग घर उना," त्या म्हणाल्या. "आंग धोई राह्यना."

न्हाणीचं दार आतून लावलेलं. आत तांब्या वाजत होता. दाराखालून पाणी वाहत माझ्या पावलांपाशी आलं.

मी बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट.

"अहो," मी म्हणाले.

तांब्या थांबला.

सासूबाईंनी करंडा उघडून माझ्यापुढे धरला.

"कुकू लायी ले. तो बाहेर ई राह्यना."

माझा हात उचलेना. आत कडी सरकली.