तिच्या हाताच्या उंचीवर

मेहकरच्या बाजारात भादव्याची सर आली आणि माणसं मिळेल त्या वळचणीला पळाली. शेषरावांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात एक उंच मुलगी शिरली. हातात पिशवी, पिशवीत चवळीच्या शेंगा, आणि दोन्ही चिंब.

शेषराव जेवायला गेले होते. दुकानात त्यांचा वायरमन तुळशीराम एकटाच होता. भिंतीवर ठोकायची लाकडी पट्टी सरळ आहे की नाही, ते तो एक डोळा मिटून बघत होता. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला ती उभी राहिली.

"डोळा काऊन मारता हो?"

तुळशीरामच्या हातातली पट्टी खाली पडली. "मी… मी पट्टी पाहून राह्यलो होतो."

"पट्टी तुमच्या हातात, अन् डोळा माह्याकडं?"

"तुम्ही मधात आल्या ना!"

"म्हणजे चूक माहीच," ती म्हणाली आणि हसली. तिच्या वेणीतून पाणी ठिबकत होतं. तुळशीरामनं पट्टी उचलली, पण ती सरळ आहे की वाकडी, ते त्याला आता काही कळेना.

दुकानात एका फळीवर नमुन्याची बटणं बसवलेली होती. काळी, पांढऱ्या चिनीमातीची, पितळी टोपीची. ती फळीपाशी गेली आणि एकेक बटण दाबू लागली. टक्. खट्. टक्.

"हे लई वाजते. पहाटं माय उठली की सारं घर उठन."

"मग हे पांढरं घ्या. दिसाले चांगलं आहे."

"बटण काय पाहाले घेते माणूस?" तिनं डोळे मिटले आणि फळीवरून हात फिरवला. बोटं एका काळ्या बटणाशी थांबली. त्याचं नाक जरा मोठं होतं. तिनं ते दाबलं. हलकासा आवाज झाला, कोणी जीभ टाळूला लावावी तसा. "हे. अंधारात हाताले सापडलं पाह्यजे."

दोन वर्षं तुळशीराम बटणं विकत होता, बसवत होता. डोळे मिटून बटण निवडणारं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं.

"अन् एक सांगा," ती म्हणाली, "कंदिलाची वात कशी खालीवर करता येते… तसा थोडासाच उजेड देणारं बटण नाही काय?"

"डिमर म्हणतात त्याले. नाटकवाल्याकडं असते. घरासाठी नाही मिळत."

"नाही मिळत?" तिचा चेहरा एवढा उतरला, की तुळशीराम घाईघाईनं म्हणाला, "पण… करता येईन काही. पाहातो मी."

तेवढ्यात डोक्यावर पोतं घेतलेले नारायणराव आत आले. लोणार रस्त्यावरच्या गावचे बागाईतदार, या मुलीचे, कोकिळाचे वडील. त्यांच्या गावात नुकतेच विजेचे खांब उभे राहिले होते आणि घराची फिटिंग ठरवायलाच ते बाजारातून इकडं निघाले होते. पोरगी आधीच पोचलेली बघून ते म्हणाले, "बरं झालं. तूच निवड बटणं. मले त्यातलं काही समजत नाही." मग तुळशीरामकडं वळले. "कोणाचा रे तू?"

"धाडच्या कडूबाचा."

"म्हणजे आपल्यातलाच की!"

कोकिळा पिशवीतल्या शेंगा नीट करायला लागली. त्या नीटच होत्या.

*

तुळशीराम सायकलला शिडी बांधून त्यांच्या गावी गेला. आठवडाभराचं काम होतं.

त्याच्या उस्तादानं त्याला एक रीत शिकवली होती. बटणाची उंची टेपनं मोजायची नाही. घरच्या बाईला भिंतीपाशी उभं करायचं, डोळे मिटायला लावायचे, हात सहज उचलायला सांगायचं. तळवा भिंतीला जिथं टेकेल तिथं खडूची खूण. रात्री उठणार तीच, चूल पेटवणार तीच, तर बटण तिच्याच हाताचं पाहिजे. मुलगी घरात असली तरी मुलीचं माप घ्यायचं नाही. ती आज ना उद्या जाणार.

हे सारं तुळशीरामला पाठ होतं. अन्नपूर्णाबाई चुलीपाशी होत्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, सदा घाईत. तो स्वयंपाकघराच्या दारात गेला आणि म्हणाला, "काकू, बटणाचं माप घ्यायचं होतं."

"मले कुठं वेळ आहे, बापू? कोकिळाले घे."

एकदा तो "पण काकू…" म्हणाला असता तर त्या आल्या असत्या. तो म्हणाला नाही. त्याला हवं होतं तेच त्यांनी म्हटलं होतं.

कोकिळा भिंतीपाशी उभी राहिली.

"डोळे मिटा."

"मिटले. तुम्ही दोन्ही उघडे ठेवा, नाहीतर पुन्हा एकच मिटसान."

"हात उचला. ताणू नका. सहज."

तिनं हात उचलला. बांगड्या कोपराकडं घसरल्या. तळवा भिंतीला टेकला, तसा तुळशीरामनं बोटांच्या बाजूनं खडू ओढला. खडूला भिंत लागली, बोटं लागली नाहीत.

"झालं?"

"नाही… अजून."

"झालं काय हो?"

"थांबा जरा."

"खूण करता, का रांगोळी काढता?"

ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, तिची खोली. प्रत्येक भिंतीपाशी ती उभी राहिली, आणि प्रत्येक भिंतीपाशी त्याला वेळ लागला. आठवडा कसा सरला ते कळलं नाही. तो शिडीवर असला की खालून बारीक चुका, खिळे, पाणी सगळं वेळेवर येई. कधी न मागताही येई. एकदा ती शिडी धरून उभी होती. वर न बघता म्हणाली, "परवा लोणारचे पाव्हणे येऊन राह्यले. मले पाहाले."

तुळशीरामच्या तोंडात तारेच्या क्लिपा होत्या. त्यानं एकेक करून त्या काढल्या.

"बाबा म्हणते, पाव्हणे येतीन तवा दिवे लागले पाह्यजे."

"लागतीन."

"दिव्याचं नाही बोलून राह्यले मी." ती थांबली. "कोणाले काही बोलायचं असन… तर आधी बोलावं. मग बोलून काय उपयोग?"

त्यानं खाली बघितलं. तिचा हात शिडीच्या पायरीवर होता, त्याच्या पायापासून वीतभर. बोलायला एवढं अंतर पुरे होतं.

"तुमच्या खोलीतला बारीक दिवा राह्यला आहे," तो म्हणाला. "तो होऊ द्या. मग… बोलतो मी काकाशी."

त्याला खरंच वाटत होतं, की आधी काम दाखवावं, मग तोंड उघडावं. रिकाम्या हातानं काय मागायचं? दोन बल्ब एकाच तारेत एकामागोमाग जोडले, की दोन्ही मंद जळतात, हे त्याला ठाऊक होतं. एक बल्ब तिच्या खोलीत, दुसरा तिच्या दाराबाहेर. एक बटण भरपूर उजेडाचं, एक मंद उजेडाचं. पण जास्तीचं बटण तिनं निवडलेल्या जातीचंच हवं होतं, आणि ते दुकानात संपलं होतं. दुसरं कोणतंही बसवता आलं असतं. तो तेच आणायला खामगावला गेला, आणि मधला एक दिवस त्यात गेला.

*

पाहुणे आले तेव्हा दिवस बुडत होता. मीटर दुपारीच बसलं होतं. ओसरीवर सतरंजी, सतरंजीवर लोणारची चार माणसं, आणि दारात अर्धं गाव.

"कोकिळाची माय, पहिला दिवा तू लाव," नारायणराव म्हणाले.

अन्नपूर्णाबाई नवं लुगडं सावरत आल्या. बटणाच्या लाकडी पाटीला हळदकुंकू लावायचं म्हणून त्यांनी हात वर केला. हात पोचेना. त्या टाचा उचलून उभ्या राहिल्या. तरीही बोटं वीतभर खालीच.

दारातून कोणीतरी म्हणालं, "काकू, शिडी देऊ काय?" आणि ओसरी हसली.

नारायणरावही हसले. मग हसता हसता थांबले. त्यांनी बटणाकडं बघितलं, माजघरातल्या बटणाकडं बघितलं, आणि दारामागं उभ्या असलेल्या आपल्या उंच लेकीकडं बघितलं.

"तुळशीराम," ते सावकाश म्हणाले, "ही बटणं कोणाच्या हाताची बसवली बे?"

सगळे त्याच्याकडं बघू लागले. कोकिळानंही बघितलं. ती हसत नव्हती. तिचे डोळे एवढे मोठे त्यानं कधी पाहिले नव्हते.

कोकिळाच्या हाताची, एवढंच म्हणायचं होतं. बाकीचं त्यातच होतं. तिथं बसलेल्या प्रत्येकाला समजलं असतं. त्याच्या ओठांपर्यंत ते आलंही. पण सतरंजीवर पाहुणे होते, त्यांचे पांढरे सदरे होते, आणि त्याच्या स्वतःच्या हातात पक्कड होती.

"माप चुकलं, काका," तो म्हणाला.

कोकिळानं मान खाली घातली.

"होते चूक," मुलाचे वडील मोठ्या मनानं म्हणाले. "पोरगी उंच आहे ना? तिलेच लावू द्या."

ती पुढं आली. हळदकुंकू लावलं. डोळे मिटले. तिनं हात उचलला, तो ताणला नाही, चाचपडला नाही. बोट नेमकं बटणावर पडलं. लख्ख उजेड झाला आणि पोरं ओरडली.

"बस्स," मुलाचे वडील मांडीवर थाप मारून म्हणाले. "हिच्याच हातानं आमच्याही घरी दिवा लागन. नारायणराव, साखर आणा."

*

दुसऱ्या दिवशी तुळशीराम बटणं खाली घ्यायला आला. अन्नपूर्णाबाईंनी या वेळी चूल सोडून हात उचलून दाखवला. नवी खूण, नवी भोकं. तो जुनी भोकं चुन्यानं बुजवत असताना नारायणराव मागं येऊन उभे राहिले.

"मी काल उगाच नव्हतं विचारलं, तुळशीराम," ते म्हणाले. "आता लोणारवाल्याले सबद गेला माहा."

ते निघून गेले. चुना हातावरच वाळला.

शेवटी तिची खोली राहिली. कोकिळा दारात उभी होती. त्यानं मंद उजेडाचं बटण दाबलं. दोन्ही बल्ब जागे झाले, एक आत, एक बाहेर. कंदिलाची वात खाली केल्यावर असतो तेवढाच उजेड. भिंतीवर तिची सावली अगदी मऊ पडली.

"असाच पाह्यजे होता," ती म्हणाली. "खामगावहून आणलं ना बटण?"

"हाव."

"मी काय बटणासाठी थांबले होते काय?"

त्यानं बटण काढायला पेचकस लावला. तिनं त्याच्या हाताकडं बघून मान हलवली.

"हे दोन राहू द्या. हे खाली नका घेऊ."

"तुम्ही तर… जाणार."

"येईन ना माहेरी. आल्यावर हात कुठं ठेवू?"

*

दिवाळीनंतर लग्न झालं. पुढच्या उन्हाळ्यात ओसरीवरचा होल्डर खराब झाला म्हणून तुळशीरामला निरोप आला. काम संपवून तो निघाला तेव्हा दिवेलागण झाली होती. अन्नपूर्णाबाई जेवायचा पाट उचलून कोकिळाच्या खोलीकडं जाताना त्याला दिसल्या. त्यांनी पाट भिंतीशी ठेवला, त्यावर चढल्या, आणि बारीक दिवा लावला.

"काकू," तो दारातून म्हणाला, "तुम्हाले तरास होते. खाली घेऊ काय ते बटण? आता लगेच घेतो."

"नको, बापू." त्या पाटावरून उतरल्या. "तिचं माप आहे ते. चुकलेलं नाही."

तुळशीरामनं सायकल हातात धरली. वेशीपर्यंत तो चालतच गेला.