समोरच्या कोपऱ्यातून

तसं विशेष काही नव्हतं त्या दिवसाचं. ऑगस्ट महिना, आईचा वाढदिवस, आणि तिला डोंगरावरचा जुना सुलतानी राजवाडा पुन्हा एकदा बघायचा होता. लग्न झाल्यावर बाबांनी तिला पहिल्यांदा फिरायला नेलं ते तिथंच. म्हणून मी, माझा नवरा फेर्मीन आणि आमची सहा वर्षांची अल्बा आदल्या दिवशीच मालागा शहरातून गावी आलो, आणि ऊन चढायच्या आत निघालो. गाडीत आई पुढं, फेर्मीनशेजारी. मागं मी, अल्बा आणि माझी थोरली बहीण विसी.

विसीचं आधी सांगायला हवं. ती लग्नाविना आईपाशी राहिली. आईला न्हाऊ घालणं, गोळ्या देणं, रात्री उठून चादर बदलणं, सगळं तिच्याकडं. मी वर्षातून दोनचारदा जाणार, एखादी शाल नेणार, आणि आई ती शाल घेऊन दारोदार हिंडणार, ‘माझ्या पास्तोरानं आणली.’ पास्तोरा म्हणजे मी. तेही विसीनं गिळलं असतं. पण आईची जीभच माझ्या नावावर बसली होती. पाणी विसी द्यायची आणि हाक मात्र ‘पास्तोरा, पाणी दे.’

त्या दिवशी राजवाड्याच्या बागेत डबा उघडला तेव्हा तेच झालं. विसीनं पहाटे उठून केलेला अंडी-बटाट्याचा जाडजूड टॉर्टिया आईनं चाखला आणि म्हणाली, “पास्तोरा, मीठ छान पडलंय गं.”

विसी पाव कापत होती. सुरी थांबली. “पास्तोरा येते वर्षातून दोनदा, पण नाव मात्र बारा महिने मुक्कामाला असतं आमच्याकडं,” ती हसत म्हणाली. ते हसू ओठांच्या वर काही गेलं नाही.

“अगं, वय झालंय तिचं,” मी म्हटलं.

“तुला काय जातंय म्हणायला? तुझंच नाव घेते ना.”

जेवण झाल्यावर फेर्मीन आणि आई हौदाकाठच्या बाकावर पेंगू लागले. अल्बा पाण्यात पानं सोडत बसली. माणसं उन्हाला भिऊन पांगली होती. विसी म्हणाली, “चल, कुजबुजीच्या खोलीत जाऊन येऊ.” लहानपणी आम्ही तिथं फार खेळायचो. चौकोनी खोली, वर घुमट. एका कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून पुटपुटलं की तिरक्या समोरच्या कोपऱ्यात कानाशी ऐकू येतं. मधे उभ्या असलेल्याला मात्र काही कळत नाही.

दारात माझ्या चपलेत खडा गेला, म्हणून मी मागं राहिले. आत गेले तेव्हा बाहेरच्या पांढऱ्या उजेडानं डोळ्यांपुढं अंधारी आली. चुन्याचा ओलसर वास होता, बंद हंड्यातल्या पाण्यासारखा. हळूहळू विसी दिसली. लांबच्या कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून, कपाळ टेकून. आणखी कुणी नव्हतं.

मला चेष्टा सुचली. पाय न वाजवता मी समोरच्या कोपऱ्यात गेले आणि आधी ऐकावं म्हणून कान लावला. भिंत बर्फासारखी गार होती.

विसी रडत होती.

“...एकदा तरी. माझ्या नावानं हाक मारावी तिनं...”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या कानाशी भिंतीतूनच उत्तर आलं. आईचा आवाज. हुबेहूब.

“एकदाच... पुरे होईल?”

मी डोळे वळवून दाराकडं पाहिलं, तिथं आई नव्हती. पण लगेच वाटलं, हे विसीचंच काम. नकला ती झकास करते. मला येताना पाहिलं असेल.

“नाही,” विसी म्हणाली. “फक्त माझंच नाव. दुसरं कुणाचं नको.”

मग कुणीतरी आत श्वास घेतला. माझ्या आणि भिंतीच्या मधे तर जागाच नव्हती...

“बरं.”

मी मागं सरले. “विसी!” ओरडलेच मी. “कसली घाणेरडी थट्टा ही?”

ती वळली. चेहरा पांढराफटक. “तू... तू बोलत होतीस ना?” तिनं विचारलं.

दोघीही जवळजवळ पळतच बाहेर आलो. आई बाकावर ताठ बसली होती, टक्क जागी. आम्हाला बघताच तिनं दोन्ही हात पुढं केले.

“विसी! कुठं गेली होतीस गं, विसी?”

विसी तिच्या पायाशी बसली आणि तिच्या मांडीत तोंड खुपसून हुंदके देऊ लागली. मीही पुढं झाले, आईच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं परक्या माणसाकडं बघावं तसं वर पाहिलं. मग सभ्यपणानं खांदा काढून घेतला आणि अल्बाला म्हणाली, “बाळ, तुझी आई कुठं राहिली?”

डॉक्टर म्हणाले, वय. होतं असं. पण आईला फेर्मीन आठवत होता, शेजारची बकरी आठवत होती, बाबांच्या पहिल्या गाडीचा नंबर आठवत होता. फक्त मी नव्हते. जुन्या फोटोंतही मी तिला दिसेना. माझ्यावर बोट ठेवलं की म्हणायची, “इथं तर कुणी नाही.”

आता जळायची पाळी माझी होती. दर रविवारी मी दोन तास गाडी हाकत जायचे आणि स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी बसायचे. विसीनं केस कापले होते, ओठांना रंग लावायला लागली होती. आईनं हाक मारली की मुद्दाम जरा थांबायची, म्हणजे आईनं दुसऱ्यांदा हाक मारावी. तिची ती खुललेली मुद्रा मला बघवत नसे. देवाशप्पथ सांगते, कुणा बाईचा मी इतका हेवा कधी केला नाही.

नाताळपर्यंत तो रंग उतरला. हाका थांबत नव्हत्या. जेवताना, झोपेत, घास तोंडात असताना. “विसी. विसी. विसी.” ती शेजारीच बसलेली असली तरी. विसी वाळून काटकी झाली. “घेऊन जा गं तिला,” एकदा माझा हात धरून म्हणाली. मी आईला विचारलं, माझ्याकडं येतेस का. आई म्हणाली, “विसी, या बाईंना कॉफी दे. लांबून आल्यात.”

फेब्रुवारीत आई गेली. शेवटच्या दुपारी मी तिच्या कानाशी लागले. “आई, पास्तोरा म्हण. एकदाच.” तिनं ओठ हलवले. मी जीव कानात आणला.

“विसी,” ती म्हणाली.

मातीवरून आल्यावर लोक विसीला मिठी मारत होते. मी कप विसळत होते.

मग मार्चमध्ये एका दुपारी विसीचा फोन आला. अल्बा आत शाळेचं चित्र रंगवत होती, दार लोटलेलं होतं. विसी इतकं हळू बोलत होती की मला फोन कानात दाबावा लागला.

“पास्तोरा... ती अजून हाका मारते. स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यातून, दोन भिंती मिळतात तिथून. तुला सांगितलं नाही. तुला वाटलं असतं मी मिरवतेय.”

मला काय वाटलं ते सांगते. पहिल्यांदा हेवाच वाटला.

“मग उत्तर दे तिला,” मी म्हटलं.

“देत होते. पण आज सकाळपासून... आज ती मला हाक मारत नाहीये. तिनं नाव बदललंय.”

“माझं?” मी विचारलं. “विसी, माझं नाव घेते का ती?”

त्याच वेळी आतल्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि अल्बा हसून म्हणाली,

“आले, आजी.”