जिन्याखालची पिल्लं

"कुत्र्यासाठी रडतोय गं आई, बघ तरी. एवढा मिशा फुटलेला बाप्या… याला मुलगी कोण देणार?"

निधी हे बोलली ती चांगली मोठ्याने, हातातली शेवग्याच्या शेंगांची पिशवी सावरत, आणि तो बाप्या तिच्यापासून तीन पावलांवर जिन्याखाली उकिडवा बसलेला होता. परमुलखात राहणाऱ्या आपल्या लोकांची ही खोडच आहे. बसमध्ये, बाजारात, लिफ्टमध्ये, समोरच्याच्या तोंडावर त्याच्या नाकापासून चपलेपर्यंत सगळ्याची मराठीत चिरफाड करायची आणि वर त्याच्याकडे बघून गोड हसायचं. वडिलांच्या बदलीमुळे निधीला चेन्नईत येऊन दीड वर्ष झालं होतं, आणि या कलेत ती आईच्याही पुढे गेली होती.

त्या माणसाने मान वर केली. गुडघ्याशी दुमडलेली लुंगीसारखी वेष्टी, कपाळावर विभूतीचा पट्टा, मातीने भरलेले हात. पुढ्यात पुठ्ठ्याचं खोकं, आणि खोक्यात उंदराएवढी पाच पिल्लं, डोळे मिटलेली, एकमेकांच्या अंगावर चढणारी.

"अम्मा, मज मराठी कळते," तो म्हणाला. "आमचं घरीं देखील हेंच बोलणं. ह्यांची आई सकाळीं पाण्याच्या लॉरीखालीं गेली. आतांच पुरून आलों. म्हणून रडूं आलं… तें चूक काय?"

आता निधीने जिभेला चावा घ्यावा, खाली मान घालावी, निदान पळून तरी जावं. पण ती हसली. त्या जुन्यापान्या शब्दांना चढलेला तमिळ हेल कानावर पडला आणि तिला फिसकन हसू फुटलं. ते तिने ओढणीत दाबलं, तर ते जास्तच मोठ्याने बाहेर आलं.

त्याचा चेहरा मिटला. "सॉरी मॅडम," तो इंग्रजीत म्हणाला आणि पुन्हा पिल्लांवर वाकला.

वर गेल्यावर सरोजिनीबाईंनी लेकीची जी हजेरी घेतली ती इथे सांगण्यासारखी नाही. तो तळमजल्यावर नव्याने राहायला आलेला सुंदर राव, हे शेजारणीकडून कळलं. तीनशे वर्षांमागे तंजावरला आलेल्या मराठी घराण्यातला. मैलापूरला विम्याच्या ऑफिसात नोकरी, घरी आई, वडील नुकतेच गेलेले. निधीला जेवण गेलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, हे तिला त्या दिवशी भाताच्या पहिल्या घासालाच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्याने भरलेला प्लास्टिकचा कुडम, म्हणजे घागर, कमरेवर घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. ते दोन हजार चारचं साल होतं. नळ कोरडे, आणि एका घराला लॉरीचे मोजून तेवढेच कुडम. त्यातला एक तिने आंघोळीवर पाणी सोडून आणला होता.

"पिल्लांची फडकी धुवायला," ती म्हणाली. "आणि… दिवसा तुम्ही ऑफिसला जाता. मी घरीच असते. मला दाखवा, मी करीन."

त्याने कुडमकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं नाही. मग इंग्रजीत, अगदी अदबीने, एकेक गोष्ट समजावली. डॉक्टरांनी दिलेली दुधाची पावडर कोमट पाण्यात कशी कालवायची, ड्रॉपर कसा धरायचा, दर दोन-तीन तासांनी कसं पाजायचं. पाजून झालं की ओल्या कापसाने पोटाखाली पुसायचं, म्हणजे शू होते. आई असती तर तिने चाटून हेच केलं असतं. ऊब मात्र वेगळी द्यायला नको. चेन्नईचा उन्हाळा पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडत होता.

निधीने सगळं मान डोलावून ऐकलं आणि पहिलंच पिल्लू बाळासारखं मांडीवर उताणं घेतलं. दूध त्याच्या नाकातून आलं, ते ठसकलं, निळसर पडायला लागलं. सुंदरने झटकन तिच्या हातांखाली हात घालून पिल्लू पालथं केलं, डोकं खाली करून पाठ चोळली. पिल्लू शिंकलं. त्याचे हात क्षणभर तसेच तिच्या हातांखाली राहिले… आणि मग त्याने ते काढून घेतले.

"पोटावर," तो म्हणाला. "नेहमी पोटावर."

"मला काहीच नीट येत नाही," निधी पुटपुटली. हे ती फक्त पिल्लाबद्दल बोलत नव्हती.

असं ते सुरू झालं. रात्र त्याची, दिवस तिचा. सकाळी तो खोकं तिच्या हवाली करायचा, संध्याकाळी ती त्याच्या. दोघांचं बोलणं काय, तर अमका किती प्याला आणि तमक्याने शी केली का. प्रेमात पडायला इतका वाईट विषय कुणी निवडला नसेल.

"तांबड्याचं पोट बिघडलंय," ती सांगायची.

"तुम्ही त्याला जास्त पाजता. लाडका आहे ना तुमचा?"

"माझे सगळेच लाडके आहेत."

"सगळे?" तो चष्मा पुसत विचारायचा, आणि निधी उगीचच कापसाचा बोळा शोधायला लागायची.

एका संध्याकाळी ती तक्रारीच्या सुरात म्हणाली, "बारकी आज डोळे उघडत होती, आणि उघडले ते नेमके तुम्ही आल्यावर. दिवसभर मी मरमर मरते, आणि…"

"तिला कळतं, कुणाकडे आधी बघायचं ते."

"गर्व बघा."

तो हसला. ओठांच्या एकाच कोपऱ्यातून. निधीला ते हसू जिना चढताना, पोळ्या लाटताना, कुठेही आठवायला लागलं, आणि आठवलं की पाठोपाठ तिचं स्वतःचं ते ओढणीतलं हसू आठवायचं. मग मनातला सगळा गोडवा पाणी पाणी होऊन जायचा. कारण सुंदर तिच्याशी बोलत होता, चिडवत होता, पण इंग्रजीत. फार तर सोप्या तमिळमध्ये. मराठीचा एक शब्द नाही. ती मराठीत बोलली की त्याला सगळं कळायचं आणि उत्तर दुसऱ्याच भाषेत यायचं.

तो रागावला असेल, एवढंच तिला वाटत होतं. खरी गोष्ट तिला धनलक्ष्मीमामींनी सांगितली, म्हणजे सुंदरच्या आईने. दुपारी पिल्लं झोपली की मामी तिला आत बोलवायच्या.

"ये गं मुली, उदंड ऊन आहे. बस. अस्के निजलीं काय?"

अस्के म्हणजे सगळे, बेस म्हणजे छान, हे निधी आता शिकली होती. मामींचं बोलणं तिला आवडायला लागलं होतं. त्या दिवशी मामी पापडावरून हात फिरवत, सहज बोलावं तसं बोलून गेल्या.

"सुंदर हल्लीं तमिळच बोलतो. मी मराठी बोलतें, तो तमिळ. काय म्हणून रे, विचारलें, तर सांगेना. त्याचे अप्पा गेले, मग ह्या घरांत हें बोलायास दोघंच होतों आम्ही. आतां मी एकलीच."

"कधीपासून, मामी?"

"हीं पिल्लं आलीं ना? तेव्हांपासून."

निधीच्या अंगावर कुणी गार पाणी ओतलं असतं तरी बरं, या टंचाईत निदान आंघोळ झाली असती. मामींना काही ठाऊक नव्हतं. त्या तिला पापड भाजून देत होत्या. तीनशे वर्षं जे घराण्याने जपलं ते तिच्या एका फिसकन हसण्याने या स्वयंपाकघरातून गेलं होतं, आणि ज्या बाईचं गेलं तिच्याच हातचा पापड निधी खात होती. लाज वाटणं वेगळं. ही लाज गिळताही येईना आणि टाकताही येईना.

त्या संध्याकाळी तिने ठरवलं, आपणच त्याची मराठी बोलायची. म्हणजे त्याला कळेल. तो दारात चप्पल काढत होता तेवढ्यात ती म्हणाली, "पिल्लं बेस आहेत. अस्के दूध प्यालीं. बारकी उदंड…"

त्याचा हात चपलेवरच थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने खोकं उचललं, "थँक यू," म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

निधी बंद दारासमोर उभी राहिली. करायला गेली एक आणि झालं भलतंच. त्याला वाटलं होतं, ती नक्कल करते आहे. आणि का वाटू नये? आजवर तिने त्याला दुसरं काय दाखवलं होतं?

तिने दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. त्याने उघडलं.

"मी चिडवत नव्हते," ती म्हणाली. "मामींकडून शिकले. आणि त्या दिवशी… मी घाबरून हसले, असं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मला तुमच्या बोलण्याचंच हसू आलं. तुम्ही आत्ताच एका मेलेल्या जिवाला पुरून आला होतात, आणि मी हसले. मला माझी फार लाज वाटते. मला माफ नका करू हवं तर… पण मामींशी बोला. त्यांनी काय केलंय?"

तो चौकटीला टेकला. मग इंग्रजीत, हळू म्हणाला, "पुण्याला ट्रेनिंगला होतो एकदा. तिथे मला बोलायला लावायचे. दुसऱ्या खोलीतल्यांना बोलावून आणायचे ऐकायला. मी पण हसायचो त्यांच्याबरोबर. तुम्ही हसलात, तेव्हा वाटलं… आता हे घरापर्यंत आलं. आईशी बोलायला तोंड उघडलं की तेच हसू ऐकू यायचं. लाज तुम्हालाच वाटते असं नाही."

निधीने मान खाली घातली आणि ती वर निघून गेली.

मग पिल्लांना पाय फुटले. ती दिवाणखान्यात धावायला लागली, नाचणीची पेज खायला लागली, मामींच्या पदराला लोंबकळायला लागली. एकेकाला घर मिळालं. बारकी चेन्नईजवळच्या कोवलमच्या एका कुटुंबाने नेली, तेव्हा निधी चक्क रडली आणि सुंदर तिच्याकडे न बघता रुमाल पुढे करून उभा राहिला. शेवटी उरला तांबडा. त्यालाही रविवारी न्यायला येणार होते.

शनिवारी सकाळी ती खाली आली. तांबडा बशीत चारही पाय घालून पेज खात होता. सुंदर जमिनीवर बसला होता, ऑफिसला सुट्टी होती. निधीही समोर बसली. उद्यापासून या दारात यायला तिच्याकडे काही कारण नव्हतं, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. स्वयंपाकघरात मामी कॉफी गाळत होत्या.

सुंदरने बशी ओढून घेतली. खाकरला. चष्मा काढला, पुन्हा घातला.

"हा… हा उदंड खातो," तो म्हणाला. "मग पोट फुगतें. थोडं थोडं द्या म्हणून किती वेळां सांगितलों मी तुम्हांस."

निधीने तांबड्यावर नजर खिळवली. आपल्या चेहऱ्यावर काय दिसेल याचीच तिला भीती वाटली.

"पिल्लं अस्के गेल्यावर," तो बशीकडे बघत पुढे बोलला, एकेक शब्द चाचपत, "तुम्ही काय म्हणून खालीं याल, तें मज ठाऊक नाही. कारण सांपडत नाही. रात्रभर शोधलों. तरी… या. मज तुम्ही रोज पाहिजे."

तिचे डोळे भरून आले. "येईन," ती म्हणाली. "रोज येईन. कारण शोधू नका."

"हंसूं आलें नाही?"

"नाही."

"आलें तर हंसा. आतां चालते."

आणि मग ती हसली, रडता रडता, आणि तोही हसला. पहिल्यांदाच ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांनी.

आतून मामींचा आवाज आला, नेहमीसारखा, उत्तराची फारशी आशा न ठेवता. "सुंदर, ती कॉफी घेते काय, विचार."

"घेते, आई," सुंदर म्हणाला. "मज देखील दे. आणि तूं पण आमच्याजवळ येऊन बस."

स्वयंपाकघर एकदम गप्प झालं. मग मामी तीन पेले घेऊन बाहेर आल्या, डोळे पदराला पुसलेले, आणि खाली बसल्या. कॉफीत साखर दुप्पट पडली होती. तिघांनीही ती शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकली.