नावेवरची सावड

आमच्या पाड्यात मोबाइलला रेंज येते ती फक्त आमच्या ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात. जामसरच्या पुढे उतारावर आमची घरं, बाकी सगळीकडे डोंगर आडवा. त्यामुळे आमचं घर म्हणजे एसटी स्टँड झालंय. कुणाला भिवंडीला फोन लावायचा असतो, कुणाला रेशनचा ओटीपी हवा असतो. मी अंगणवाडी सेविका. दिवसभर पोरांची वजनं करायची, गरोदर बायांच्या मागे लागून त्यांना गोळ्या खायला लावायच्या, आणि घरी आलं की ओट्यावरची गर्दी हाकलायची. तोंडाची मी फटकळ. आजारी पोर दवाखान्याऐवजी भगताकडे नेलं तर मी आईला सोडत नाही आणि भगतालाही नाही.

हे आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बाईचं डोकं फिरलं.

कमलेश, माझा नवरा, जव्हार-मोखाडा जीप चालवायचा. पावसाळ्यात घाटात जीपचं इंजिन बसलं, आणि त्याच्याबरोबर माणूसही बसला. कुठे, तर ओट्याच्या त्या उजव्या कोपऱ्यात. मोखाड्याच्या बाजारात कुणीतरी त्याला मासेमारीचा एक खेळ दाखवला होता. ‘दर्यासेठ’ नाव. फोनमध्ये निळं पाणी, पाण्यात होड्या, होड्यांवर पिवळ्या टोप्यांची इवलीशी माणसं जाळी टाकतात. मासे विकून नाणी मिळतात आणि नाणी साठली की खात्यात खरे पैसे येतात. त्यात आपण काही खेळायचंच नाही. फोन उशाशी ठेवून घोरत पडलं तरी होड्या चालूच.

“बसून कमाई, रोहिणी,” तो म्हणायचा. “आपण फक्त नीट मांडून द्यायचं.”

“असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी,” मी म्हणायचे. “त्या हरीला म्हणावं, एक इंजिनही दे.”

पण माणूस इरेला पेटला होता. जीप उभी, घर माझ्या मानधनावर, आणि बहीण हिरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बहिणीपुढे हातावर हात ठेवून बसायची त्याला लाज वाटायची. बर्फाची पेटी घेतली की मासे सडत नाहीत, मोठं जाळं घेतलं की दुप्पट सापडतात, सगळं त्यानं पाठ केलं. तरी कमाई वाढेना. खेळातले फुकटचे खलाशी आळशी. मग त्याला कळलं की खरी मेख खलाशांत आहे. ‘आपला माणूस’ ठेवता येतो. फोनपुढे त्याला हाक मारायची, त्यानं उत्तर द्यायचं, तो आवाज खेळ ठेवून घेतो. मग तो खलाशी थांबतच नाही.

आता हाक कशी मारायची? कमलेशनं मारली ती आम्ही मारतो तशी.

आमच्याकडे सावड असते. आज तू माझ्या शेतात ये, उद्या मी तुझ्या. मजुरी नाही. ओट्यावरून नाव घेऊन हाक द्यायची, समोरच्यानं ‘ओ’ म्हटलं की झालं. ओ देऊन न येणारा माणूस आमच्यात मेल्यातच जमा. बोलावणाऱ्यानं संध्याकाळी त्याला जेवू घालायचं, आणि नंतर त्याच्या कामावर जाऊन सावड फेडायची.

“भिकाकाकाऽ, सावडीला येशील का?” कमलेशनं फोन पुढे धरून हाक दिली.

“ओऽ! येतो की!” खालच्या घरातून म्हातारा ओरडला.

मग शेजारची लाडकी, मग लहान्या. शेवटी हिरीलाही. पोट सांभाळत ती चुलीपुढून म्हणाली, “ओ रे दादा!” सगळा पाडा हसत होता म्हणे. मी त्या दिवशी जव्हारला मीटिंगला होते. असते तर फोन हिसकावला असता. नाही, खोटं कशाला बोलू, मीही हसलेच असते.

दुसऱ्या दिवसापासून नाणी अशी पडायला लागली की कमलेश फोन खाली ठेवेना.

त्याच संध्याकाळी भिकाकाका आला. हातपाय धुतले आणि अंगणात मांडी घालून बसला. त्याच्या शेजारी लाडकी, तिच्या शेजारी लहान्या.

“काय काका, फोन लावायचाय?”

“नाय बाई. जेवाया आलो.”

“कसलं जेवण?”

“तुमचे घरचा काम केला ना आज.”

“कोणतं काम?”

म्हाताऱ्यानं आपल्या तळव्यांकडे पाहिलं. “तां नाय माहीत. पण लय केला.”

मला वाटलं, ताडीचा प्रताप. पण दारात जेवायला बसलेल्याला उठवायची आमची रीत नाही. नाचणीची भाकर आणि सुकटीचं कालवण वाढलं. सावडीची पंगत म्हणजे नुसता कलकलाट असतो, कुणाची तरी थट्टा चाललेली असते. ही तिघं खाली मान घालून जेवली. कालवणाला एकानंही हात लावला नाही.

रोजच येऊ लागली. दिवसभर घरात आडवी, संध्याकाळी आमच्या अंगणात. मला वाटलं रक्त कमी झालं असेल, म्हणून सगळ्यांना गोळ्या दिल्या. हातांना मलम लावायला गेले तर तळव्यांवर आडवे काप, ओला दोर हातातून सरकल्यावर पडतात तसे. भिकाकाकाच्या सदऱ्यावर पांढऱ्या रेघा वाळल्या होत्या. बोट लावून जिभेला लावलं. ओआरएस वाटण्यात माझा जन्म गेला, मीठ मला कळतं. इथून समुद्र केवढा लांब, आणि म्हातारा पंधरवड्यात पाड्याबाहेर गेला नव्हता.

तरीही मी स्वतःला म्हणत होते, घामच असेल.

मग एका संध्याकाळी दिवसभर आडवी पडलेली हिरी उठली आणि बाहेर गेली. हातपाय धुऊन रांगेत बसली. आमच्याच घरातली पोर, आमच्याच अंगणात, परक्यासारखी.

“हिरे, आत ये. हे काय सोंग?”

“वहिनी, वाढ ना,” ती म्हणाली. “लय दमले गं.”

पाठीला आधार द्यायला गेले तर तिची बोटं पांढरी, सुरकुतलेली. दिवसभर पाण्यात असल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी तिला काट्यावर उभी केली. आठव्या महिन्यात बाईचं वजन वाढतं, हिचं उतरलं होतं. दवाखान्यात डॉक्टरीण म्हणाली, बाळ वाढत नाहीये, हिला अंथरुणातून उठू देऊ नका. मी म्हटलं, ती उठतच नाही हो. डॉक्टरीण माझ्याकडे बघत राहिली. घरचे कामाला जुंपतात तेव्हा बायका असंच बोलतात, तिनंही बऱ्याचदा ऐकलं असणार.

घरी आले आणि कमलेशच्या हातातून फोन घेतला. निळं पाणी, होड्या. पिवळ्या टोप्यांची माणसं सगळी एका साच्यातली, एकसारखी वाकत होती. एकच मागे पडत होतं. ते जाळं ओढायचं, थांबायचं, आणि एक हात कमरेवर ठेवून हळूच सरळ व्हायचं.

परसात हिरी वाकून सरळ होते तसं.

“काढ तिला,” मी ओरडले. “आत्ताच्या आत्ता काढ!”

“निघत नाहीये गं.” त्याचा चेहरा पडला होता. त्यालाही ते दिसलं होतं, कधीपासून कोण जाणे. “आपला माणूस काढता येत नाही.”

त्यानं खेळच पुसून टाकला. मी त्यावर थांबले नाही. फोन पाट्यावर ठेवला आणि वरवंटा घातला. काचेचा चुरा झाला. इंजिनासाठी जमलेले पैसे त्यात अडकले होते, तरी त्यानंच काचा गोळा केल्या.

संध्याकाळी चौघं अंगणात आली.

त्या दिवशी हिरीचं बाळ पोटात हललं नव्हतं. मी नळी लावून ऐकलं. ठोके होते, पण फार लांबून येत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी भगताच्या घराच्या वाटेला लागले, आणि अर्ध्यातून रडत परत आले. काय सांगणार होते त्याला? मोबाइल झपाटलाय?

वाट दाखवली ती भिकाकाकाच्या बायकोनं. बुधीकाकी तणतणत ओट्यावर चढली. “नवरा माझा रोज तुमचे सावडीला. जेवू घालतंस तां खरा, पन फेडनार कवा? भात खळ्यावर पडलाय माझा!”

मी कमलेशकडे पाहिलं. तो आधीच उठला होता.

“काकी, काकाला हाक मारायला सांग,” तो म्हणाला. “रीतसर.”

म्हाताऱ्यानं आपल्या दारातून हाक मारली, कमलेशनं ओ दिली. दिवसभर त्यानं भिकाकाकाचं भात झोडलं. दुसऱ्या दिवशी म्हातारा उन्हात बसून विडी ओढत होता, आणि बुधीकाकीला म्हणत होता, सुकट भाज. संध्याकाळी तो आला नाही.

मग लाडकीच्या घरी लाकडं फोडली. लहान्याचा बांध घातला. एकेक करून सगळी सुटली.

अंगणात एकटी हिरी उरली.

तिच्या नावावर ना शेत, ना खळं. नवरा संदीप वसईला बांधकामावर. तिचं कुठलं काम कमलेश करणार?

“माझा काम काय,” हिरी पोटावर हात ठेवून म्हणाली. “ह्यो एकच.”

कमलेश भिंतीला डोकं टेकून रडायला लागला. मला त्याची कीव आली आणि रागही आला.

“सावड माणसाची नसते, घराची असते,” मी म्हटलं. “मला हाक मार, हिरे.”

“वहिनी, नको.”

“मार म्हणते ना!”

आमच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झालीत. पाळणा हलला नाही. त्यावर मी कुणाशी बोलत नाही.

“वहिनी,” ती म्हणाली, “सावडीला येशील?”

“ओ.”

त्या दिवसापासून ती अंगणात बसली नाही. बोटं भरली, जेवू लागली. दिवाळीनंतर तिला दवाखान्यात नेलं तेव्हा ती खाटेवर बसून केस विंचरत होती. मी बाहेर बाकावर होते. कळ कमरेतून निघाली आणि मी बाकाचा दांडा धरला. पदर तोंडात कोंबला. नर्स धावत आली, “बाई, तुम्हाला काय होतंय?” दुपार कलल्यावर आतून बाळाचं रडणं ऐकू आलं आणि माझं अंग एकदम मोकळं झालं.

मुलगा. हिरी चहा मागत होती.

मी रडले ते सुखानं. एवढं सुख मला पूर्वी कधी झालं नव्हतं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढे सगळं मार्गी लागलं. जुनं इंजिन मिळालं, जीप चालू झाली. संदीपचं काम फिरतीचं, म्हणून हिरी आमच्याकडेच राहिली. बाळ काट्यावर छान भरत होतं. पण बसायला लागलं तेव्हापासून एक खोड दिसली. संध्याकाळ झाली की ते अंगणाकडे झेपावायचं. खाली ठेवलं की जमिनीवर बसायचं, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, तोंड आमच्या दाराकडे. रडायचं नाही. मऊ भात भरवला की मुकाट खायचं.

एकदा भरवता भरवता माझा हात थांबला.

हिरीनं ओ दिली तेव्हा ती एकटी नव्हती.

तिची फेडली. ह्याची कुणीच फेडली नव्हती.

कमलेशला बाजूला घेऊन सांगितलं. “त्याला बोलता यायला लागलं की जपून. हाक मारली तर ओ देऊ नको.” तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. काही दिवस तो बाळ उठायच्या आधीच जीप घेऊन निघायचा.

पण असं किती दिवस चालणार? लळा लागलेला. त्याला खांद्यावर घेतल्याशिवाय कमलेशला घास उतरत नव्हता. आणि मीही मनाला समजावत होते, बाळाचं असं काम तरी काय असणार? खायचं, झोपायचं, वाढायचं.

काल दुपारी कमलेश जीप धूत होता. हिरी बाळाला कडेवर घेऊन दारात उभी, महिनाभर चाललंय तसं ‘आई म्हण, आई म्हण’ करत. बाळानं तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

“मामा,” ते म्हणालं. अगदी स्पष्ट.

“वहिनी! ऐकलंस? पहिला शब्द!”

मी पिठाचे हात तसेच घेऊन धावले.

कमलेशनं वळून पाहिलं होतं. त्याचा सगळा चेहरा हसत होता.

“ओ रे राजा! आलो!”

बाळ हसलं नाही. व्यवहार ठरल्यावर म्हातारी माणसं हलवतात तशी त्यानं एकदा मान हलवली आणि आईच्या खांद्यावर झोपून गेलं.

आज सकाळी हिरीनं त्याला न्हाऊ घातलं आणि मला हाक मारून दाखवलं. काल बोळकं होतं, आज वरही दात आणि खालीही. ती आनंदानं वेडी झालीय.

कमलेश चुलीपाशी बसलाय. रात्रीत त्याचे गाल आत बसलेत, माझ्याशी बोलताना तोंडावर हात धरतो. त्यानं भाकर चहात बुडवून ठेवलीय, आणि ती मऊ व्हायची वाट बघतोय.